टाकीमागचा लाल ठिपका

"टाकीमागे एवढं लाल कसं?" तिने टाइप केलं आणि आलेली जांभई गिळली.

पडद्यावर शहराचा नकाशा होता. बहुतेक सगळा फिका, मध्येच कुठे गुलाबी शिंतोडे, आणि पाण्याच्या टाकीमागच्या वसाहतीवर पिकल्या टोमॅटोसारखा लालभडक ठिपका.

"बायकांच्या टेबल टेनिस वर्गासाठी सर्वांत जास्त चौकशा तिथूनच आल्या आहेत," एआय सहायकाचं उत्तर उमटलं.

टाकीमागे तर ती स्वतः राहत होती. तिथल्या बायकांना टेबल टेनिस म्हणजे काय हे तरी ठाऊक असेल का, अशी तिला शंका होती.

क्रीडा संकुलात ती बायकांना हा खेळ शिकवायची. म्हणजे, शिकायला कोणी आलं तर. तिच्या बाळंतपणाच्या रजेत वर्ग बंद पडला तो पडलाच. आता साहेबांना ती खोली जुन्या फायली ठेवायला हवी होती. दुपारच्या बैठकीत निदान पंधराजणींची मागणी दाखवा, नाहीतर टेबलं जातील आणि टेबलांमागे तुमची जागाही, असं त्यांनी चहा ढवळता ढवळता सांगून टाकलं होतं. म्हणून चौकशीच्या फोनवर जे जे आलं, ते सगळं ती सहायकाला पुरवत बसली होती. वय, वस्ती, क्रमांक. नाव विचारायची तिथे पद्धत नव्हती. लेकीने रात्रभर जागवलेलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं.

"एकूण किती?"

"वीस. मात्र टाकीमागच्या चौदाही चौकशा एकाच क्रमांकावरून आल्या आहेत. चौदा धरू की एक?"

"क्रमांक दाखव."

तो तिला पाठ होता. लेकीने दूध घेतलं का, हे विचारायला रोज दुपारी ती हाच क्रमांक फिरवायची.

सासूबाई.

ती खुर्चीत मागे रेलली. सासूबाईंची जीभ म्हणजे कात्री. "चेंडूसारखी टोलवून घेतेस स्वतःला, घर ते हापिस, हापिस ते घर," असं परवाच ऐकवून झालं होतं. पण नातीला गोष्ट सांगायला बसल्या की म्हातारी, वाघ, पोपट, सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढायच्या. त्याच गळ्यातून त्यांनी फोनवर एकोणीस वर्षांची उभी केली, बावन्न वर्षांची केली, दमेकरीही एखादी केली असेल. सुनेची नोकरी टिकावी म्हणून. आणि वर एका शब्दाने बोलल्या नाहीत.



"त्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची का?" सहायकाने सुचवलं.

तिने फोन लावला. बराच वेळ वाजून मग उचलला गेला.

"दूध प्यायली का?"

"प्यायली, ओकली, परत प्यायली. अजून काही?"

मागे टक्, टक् ऐकू येत होतं.

"कसला आवाज येतोय?"

"तुझी लेक. कपाटातला तुझा चेंडू सापडलाय तिला. आईवर गेलीय."

"आणि हसतंय कोण?"

"टीव्ही. ठेवू का आता? धाप लागलीय मला तिच्यामागे धावून."

विचारावं का? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण सासूबाई पकडल्या गेल्या असत्या. आणि उद्या साहेबांनी तोच क्रमांक फिरवला असता, तर भर कचेरीत त्यांचं हसं झालं असतं. ते तिला सोसलं नसतं.

"ठेवते," ती म्हणाली.

मग तिने लिहिलं, "खात्रीची गरज नाही. मी ओळखते. एकच धर."

ठिपका फिका झाला.

"सात?" बैठकीत साहेब म्हणाले. "अहो बाई, आमच्याकडे कॅरमलासुद्धा याहून जास्त येतात." खोली रिकामी करायच्या कागदावर त्यांनी सही केली.

टेम्पो खाली उभाच होता. टेबलं दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहाला द्यायची, हे आधीच ठरलेलं दिसत होतं. हमालाला जाळीचा स्क्रू सापडेना, तेव्हा तिनेच तो सैल करून दिला.

घरी जाताना ती पाय ओढत चालत नव्हती. सासूबाईंना काहीच सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. फक्त आज त्यांना चहा आपण करून द्यायचा. रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल भिंतीपासून पुढे ओढलेलं असायचं, "केर काढला" म्हणून. तेही न कुरकुरता मागे ढकलायचं. घरात जमलेल्या शेजारच्या बायका तिला पाहताच गप्प होऊन चपला शोधायला लागायच्या. आपल्याच चहाड्या चालतात, हे तिला माहीत होतं. आज त्यांच्याकडे बघूनही हसायचं.

जिन्यातच तिला आवाज आला. टक्, टक्. टक्, टक्.

दार उघडं होतं. टेबल खोलीच्या मधोमध, त्यावर आडवी पुस्तकांची रांग. एका टोकाला उलथनं घेऊन समोरच्या घरातल्या आजी, दुसऱ्या टोकाला भाजी चिरायची फळी घेऊन त्यांची सून. भिंतीला टेकून बाकीच्या, आपली पाळी कधी येते ते बघत. नातीला कडेवर घेऊन सासूबाई गुण मोजत होत्या. आज कोणी चपला शोधल्या नाहीत.

"चांगलं जमल्यावरच तुला सांगायचं होतं," सासूबाई पुटपुटल्या. "पण ह्या ऐकतील तर शपथ."

"कोचबाई, घरून फोन करायची चोरी, पोरं खिदळतात," खालच्या मजल्यावरची पुढे होत म्हणाली. "म्हणून आम्ही चौदाहीजणींनी काकूंच्याच फोनवरून सांगून ठेवलंय." तिने पायातले लेकाचे ढगळ बूट दाखवले. "मग, उद्यापासून यायचं ना?"