चिपळूणची कोरफड

प्रमिलाबाईंनी खुरप्याने माती सैल केली आणि कोरफडीचं एक पिल्लू मुळासकट अलगद बाहेर काढलं. "हे तुमच्या दारात लावा, झिपरूदादा. माझ्या आईच्या हातची आहे ही. थेट चिपळूणची."

झिपरू पायरीवर बसून चहा पीत होता. दुधनीच्या शाळेत तो शिपाई होता, बाई शिक्षिका. आता दोघंही निवृत्त. आज सिल्वासाला डोळे तपासायला आला, तर बाईंना भेटल्याशिवाय त्याला परत जाववेना.

पिल्लू कागदात गुंडाळता गुंडाळता बाई जुन्या दिवसांत गेल्या. दुधनीला रुजू झाल्या तेव्हा तेविशीच्या होत्या. समोर धरणाचं अथांग पाणी, मागे डोंगर, दुपारनंतर बस नाही. मुलं वारलीत बोलायची, बाईंना शब्द कळायचा नाही. खोलीचं दार लावून त्या रडायच्या. आईने दिलेली कोरफड त्यांनी शाळेमागे लावली आणि ठरवलं, दिवाळीपर्यंत ही जगली तर राहायचं, नाहीतर राजीनामा देऊन घर गाठायचं.

"हे फक्त तुम्हाला सांगितलं होतं मी," त्या हसून म्हणाल्या. "त्या वर्षीचा श्रावण आठवतो? शाळेमागे घोटाभर पाणी साचलेलं. सकाळी उठले की धडधडत्या छातीने बघायला जायचे. पण ही आपली हिरवीगार. दिवाळीत आईला सांगितलं, माझं तिथं जमलं म्हणून."

त्यानंतर बाई एकोणीस वर्षं दुधनीत राहिल्या. बदली झाली तेव्हा कोरफड बरोबर घेऊनच सिल्वासाला आल्या. आता कुंपणाची अख्खी कड तिने भरली होती.

झिपरूने कप बाजूला ठेवला. "बाय, एक सांगतो. रागवायचं नाय."

"या वयात कशाला रागावू?"

"तुमची चिपळूणची तर त्या श्रावणातच सडली. मी वरच्या पाड्यातून तेवढीच दुसरी आणून लावली. ती पन सडली. चारदा बदलली. तुम्ही उठायच्या आत."

बाई खुरपं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. एवढी वर्षं याच पानांवरून त्या हात फिरवत आल्या होत्या.

"पण का, दादा?" त्यांनी हळूच विचारलं.

झिपरूने कागदात गुंडाळलेलं पिल्लू हातात घेतलं.

"तुमच्या अगोदर तीन मास्तर आले न् महिन्याभरात निघून गेले, बाय. आमची पोर रोशनी तेव्हा कुठं ग म भ न लिहायला लागली होती."