उजवी भुवई

"ही आमची लव्हिना नव्हे," व्हिपल म्हणाले आणि चेहऱ्याची तिसरी छापही त्यांनी मेजावर परत सरकवली.

बार्नबस कीलने हातातली कोरणी खाली ठेवली. फेकली नाही, एवढंच. फिलाडेल्फियाच्या या कारखान्यात उभा जन्म त्याने नोटांसाठी पोलाद कोरण्यात घालवला होता. बँकांनी आपापल्या नोटा काढण्याचे ते दिवस. कामाला तोटा नव्हता. पण कीलच्या वाट्याला यायच्या त्या गाई, आगबोटी, गव्हाच्या पेंढ्या आणि कडेची वेलबुट्टी. चेहरे कोरण्याचा मान नेहमी दुसऱ्याचा. हा पहिला चेहरा त्याला मिळाला होता आणि मालक डेनिसननी बजावून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाला पसंत पडला तर पुढचे चेहरे तुझे, नाहीतर परत गाईंकडे. डोळे अधू व्हायच्या आत कीलला चेहरे हवे होते. त्यात नशिबी आला तो हा म्हातारा.

व्हिपल हे इलिनॉयमधल्या मार्ल क्रीक गावच्या बँकेचे अध्यक्ष. आपल्या नोटेवर त्यांना मुलीचा चेहरा हवा होता. यात नवल नव्हतं. अशा हौशी बापांची कारखान्यात रीघच असायची. नवल हे, की त्यांना ती एक डॉलरच्या नोटेवर हवी होती. लेकीबाळींचा मान दहाच्या नोटेवर, एकच्या नोटेवर गाय चालते, असं कीलने परोपरीने सांगून पाहिलं. व्हिपल म्हणाले, एकचीच, आणि निघतील तितक्या काढा. म्हातारा चिक्कू आहे, अशी कीलने मनाशी खूणगाठ बांधली.

पहिल्या छापेत त्याने धंद्याची रीत पाळली. तिरकं नाक सरळ केलं, जिवणी थोडी लहान केली आणि भुवई मधोमध तोडून गेलेला जुना व्रण सरळ गाळून टाकला. दुसऱ्या कुठल्याही बापाने त्याची पाठ थोपटली असती. व्हिपलनी विचारलं, व्रण कुठे गेला? दुसऱ्या छापेत व्रण आला, तर सरळ नाक खटकलं. आता या तिसऱ्या छापेत सगळं जसंच्या तसं होतं. व्हिपलनी सोबत आणलेली मुलीची छबी, चांदीच्या पाटीवर कॅमेऱ्याने उतरवलेली, तिच्याशी ताडून पाहिलं तर केसाचाही फरक नव्हता. आणि तरीही ही म्हणे लव्हिना नव्हे.

"आता काय राहिलं?" कीलने विचारलं.

"व्रण उजव्या भुवईवर हवा. तुम्ही डावीवर काढलाय."

कीलने छबी उचलून छापेशेजारी आदळली. छबीतही व्रण डाव्याच भुवईवर होता. डोळे आहेत ना, मग बघा की, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

"छबी काही का म्हणेना," व्हिपल म्हणाले. "रोज न्याहारीला ती माझ्यासमोर बसायची. लोखंडी चुलीच्या दारावर आपटली तेव्हा रक्त मीच पुसलं. उजवी भुवई."

कील भांडायला तोंड उघडणार, तोच त्याच्या लक्षात आलं. चांदीवरच्या या छब्या आरशासारख्या. त्यांत उजवं डावं दिसतं. आणि पोलादावर उलटं कोरलं की कागदावर सुलटं उठतं, ही अक्षरं कोरताना लागलेली सवय त्याच्या हाडीमांसी खिळली होती. त्याने इमानेइतबारे छबी उलटी कोरली, आणि कागदावर ती हुबेहूब छबीसारखी उठली. म्हणजे चुकीची. एखाद्या नवशिक्याने आंधळेपणाने जशीच्या तशी गिरवली असती, तर मुलगी खरी उतरली असती. आपल्याच हुशारीची त्याला चीड आली.

आता नुसता व्रण हलवून भागणार नव्हतं. भांग, नाकाचा तिरकेपणा, सगळंच उलट्या बाजूला. कोऱ्या पोलादावर अख्खा चेहरा पुन्हा कोरायचा, म्हणजे महिन्याभराचं काम. शिवाय डेनिसनना चूक सांगायची, म्हणजे गाई ठरलेल्याच. चूक आपली असली की माणसाचा आवाज चढतो, कीलचाही चढला.

"अहो, कुठली भुवई ते बघायला बसलंय कोण? एक डॉलरची नोट ती! असं करा, ही छाप तिलाच पाठवू. ती नको म्हणाली तर नवा चेहरा फुकट कोरून देईन. द्या तिचा पत्ता, आजच्या टपालाने धाडतो."

 व्हिपलनी छाप उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"नोट घेताना दुकानदार असं करतो," ते म्हणाले. "खोट्या नोटांचा सुळसुळाट झालाय ना, रेघ न् रेघ तपासतात. वर्तमानपत्रातली जाहिरात कुणी वाचत नाही. मी देऊन पाहिली." छाप धरलेला त्यांचा हात खाली आला. "एका नावाड्याशी लग्न केलं म्हणून मी तिला घराबाहेर काढलं. मिसिसिपीपलीकडे गेली, एवढंच कळलं. एकची नोट हातोहात फिरत कुठेही पोचते. तिथला कुणीतरी दुकानदार एक दिवस नोटेकडे बघेल आणि मग समोर उभ्या असलेल्या बाईकडे बघेल. पत्ता असता, मिस्टर कील, तर मी तिला पत्रच नसतं का घातलं?"

कीलने कोरणी उचलली आणि कोरून झालेल्या चेहऱ्यावर या कानापासून त्या कानापर्यंत खोल रेघ ओढली. रद्द झालेलं काम कारखान्यात असंच मारत. मग त्याने फळीवरून कोरं पोलाद काढून पुढ्यात घेतलं.

"बसा," तो म्हणाला. "ती छबी राहू द्या. लव्हिना कशी दिसते, ते तुम्ही सांगा."