दहापैकी दहा

ग्राहकांच्या तक्रारी घरी बसून ऐकता ऐकता त्याची पाठ कामातून गेली, तेव्हा कंपनीने मोठ्या मनाने त्याला चाकांची, गुबगुबीत खुर्ची घरपोच पाठवली. वडील "बघू तरी" म्हणून तिच्यात जे टेकले, ते महिनाभर टेकलेलेच. हा बिचारा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लोकांची समजूत घालत राहिला.

महिनाअखेरीस कंपनीचा कर्मचारी-समाधानाचा सर्व्हे आला. पहिलाच प्रश्न खुर्चीचा.

"बाबा, खुर्ची कशी आहे हो?"

"झकास. दहापैकी दहा लिही. आणि तुझ्या साहेबांना माझा नमस्कार कळव."

खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. त्याने दहा लिहिले.

पुढच्याच आठवड्यात हुकूम आला, सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं, खुर्चीसकट. वडिलांचा चेहरा पडला. याच्या पाठीला मात्र हायसं वाटलं. सोमवारी त्याने खुर्ची स्वतः तीन जिने चढवली, आपल्या टेबलापाशी लावली आणि हात धुवायला गेला.

 

परत आला तर खुर्चीत साहेब रेलले होते. "तुमचे दहापैकी दहा वाचले. म्हटलं, बघू तरी."