लाल्यासाठी बरोबरी

सिंदेवाहीच्या मुलीने बास्केट केली आणि बुधरी टाळ्या वाजवत उभी राहिली. इसरूने पदर ओढून बायकोला खाली बसवलं. आलापल्लीच्या मैदानावर त्यांचं अख्खं गाव येऊन बसलं होतं आणि आता सगळे सामना सोडून तिच्याकडेच पाहत होते.

"अवं, त्या आपल्या पोरी नाई," इसरू दबक्या आवाजात म्हणाला.

"माईत हाय मले. आपल्या पोरी लय पुढं जाऊन राह्यल्या ना. त्यायले जरा मांगं आनाले पायजे."

दोष तिचा नव्हता. इसरू गावच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाचा भक्त होता. संघ वर्षानुवर्षं नेमाने हरायचा, आणि हा पठ्ठ्या प्रत्येक सामन्याला जाऊन घसा बसवून परत यायचा. यंदा पोरी चक्क अंतिम सामन्यात पोचल्या आणि इसरूचं डोकं फिरलं. आलापल्लीत सायकलीचं दुकान चालवणारा देवाजी मूळचा सिंदेवाहीचा. त्याने चिडवलं, इसरू चिडला आणि पैज लागली. गावच्या पोरी जिंकल्या तर देवाजीची बकरी इसरूची, हरल्या तर इसरूचा लाल कोंबडा देवाजीचा. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण घरी येता येता त्याचा धीर सुटला आणि त्याने वाटेतल्या मातामाय देवीला नवस बोलून टाकला. पोरी जिंकू दे, तुला लाल कोंबडा देईन. घरात लाल कोंबडा एकच होता.

त्याचं नाव लाल्या. पिल्लू असताना त्याची आई मुंगसाने नेली, तेव्हा बुधरीने त्याला चुलीजवळ टोपलीत ठेवून वाढवलं होतं. आता तो तिच्यामागे शेतापर्यंत चालत जायचा. ती धान निंदत असली की बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारायचा. नवऱ्याचा हा दुहेरी पराक्रम कळला तेव्हा बुधरी आधी रडली, मग त्याच्यावर ओरडली आणि मग शांत बसून विचार करायला लागली. हरलो तर लाल्या देवाजीच्या रश्श्यात. जिंकलो तर मातामायपुढे. सामना बरोबरीत सुटला तरच ना पैज लागू, ना नवस. जन्मात कधी मैदानावर न फिरकलेली बुधरी सामन्याच्या दिवशी नवऱ्याच्या आधी तयार होऊन दारात उभी होती.

आणि काय सांगावं, तिने तो सामना अंगावरच घेतला. जो संघ मागे पडेल त्याच्या बाजूने ती ओरडायची. देवाजी आधी खूश झाला, मग चक्रावला, शेवटी उठून लांब जाऊन बसला. गावच्या पोरी मागे पडल्या की तिचा आवाज असा चढायचा की कप्तान दुर्गा पायात वारं शिरल्यासारखी धावायची. ऊन कलेपर्यंत बुधरीला पाचही पोरींची नावं पाठ झाली होती. कोणती डावरी आहे, कोणती उगाच घाई करते, हे ती इसरूलाच समजावून सांगायला लागली होती.

शेवटच्या मिनिटाला गावच्या पोरी एका बास्केटने मागे होत्या. दुर्गाने चेंडू हिसकावला, धावली, उडी मारली. चेंडू रिंगवर गरगरत राहिला आणि मग आत पडला. शिट्टी वाजली. दोन्ही संघ बरोबरीत.

बुधरीने इसरूच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा दुपट्टा खाली पडला. "वाचला माह्या लाल्या," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. इसरूही हसत सुटला.

तेवढ्यात पंच मैदानाच्या मधोमध आले. नियमाने जादा पाच मिनिटं खेळायला हवं, ते म्हणाले, पण अंधार पडत चाललाय आणि इथे दिवे नाहीत. दोन्ही कप्तान राजी असतील तर विजेत्यांची ढाल दोन्ही संघांना वाटून देऊ. सिंदेवाहीची कप्तान म्हणाली, आम्ही दोन्हीला तयार आहोत. सगळं दुर्गावर आलं.

इसरू उठून उभा राहिला. "वाटून घ्या पोरीहो," तो बसक्या घशाने ओरडला. "अर्धी ढाल बी लय झाली."

लोक खदखदून हसले. बुधरीला मात्र नवऱ्याबद्दल एकदम माया दाटून आली. ज्या ढालीसाठी हा माणूस झोपेतही बडबडायचा, ती तो तिच्यासाठी सोडून द्यायला निघाला होता.

दुर्गा धावत रेषेपाशी आली आणि बुधरीसमोर थांबली. पैजेची आणि नवसाची गोष्ट गावात कोणाला ठाऊक नव्हती?

"काकू, घेतो आमी वाटून," ती म्हणाली. "लाल्या वाचते."

पोरगी हसून बोलत होती, पण तिचे पाय जागेवर ठरत नव्हते. डोळे सारखे रिंगकडे वळत होते. मागे चौघी जणी धापा टाकत उभ्या होत्या आणि बुधरीकडेच पाहत होत्या. बुधरीच्याही पोटात दुपारपासून काहीतरी उड्या मारत होतं. ते लाल्याच्या काळजीने आहे, असं ती इतका वेळ धरून चालली होती. आता लाल्या वाचला होता आणि उड्या काही थांबत नव्हत्या.

"खेळाचं हाय ना तुले?" तिने विचारलं.

 दुर्गाने चेंडू पोटाशी घट्ट धरला.

बुधरीने पदर कमरेला खोचला. "मंग खेळ. लाल्याले मी सांगतो."