जपून ठेवलेली वीज

भाजी चिरायच्या फळीवर ठेवून तिने घंटीतली बॅटरी ब्लेडने उभी चिरली. परवा दुपारी अंथरुणाला खिळलेले अप्पा गेले, तेव्हा त्यांचा अंगठा तिला बोलवायच्या याच घंटीच्या बटणावर होता. आत्या बाजारात गेली होती. ती स्वतः वरच्या मजल्यावर लिहीत बसली होती आणि घंटी वाजलीच नाही.

बॅटरी तिने स्वतः बनवलेली. एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला वीज वाहणाऱ्या प्लास्टिकची पातळ पट्टी. अप्पा येईल-जाईल त्याला घंटी दाखवायचे. "लेकीने प्लास्टिकात वीज कोंडलीय!" तिने मात्र बजावलं होतं, "अप्पा, उगाच दाबत बसू नका हं. मोजकीच वीज आहे. गरज लागली तरच." महिनाभर घंटी वाजली नाही. अप्पांचं बरं चाललंय म्हणून ती निर्धास्त होती. सकाळी दारातूनच "येते हं" म्हणायची आणि प्रयोगशाळा गाठायची.

पट्टी तडकली असणार, अशी तिची खात्री होती. चार्ज होताना ती फुगते, उतरताना आक्रसते. या तडकण्याशीच तर तिने इतकी वर्षं झुंज दिली. पण पट्टी धडधाकट होती. फक्त भरलेली असतानाचा गडद निळा रंग जाऊन फिकट पिवळी पडली होती. वीज पार उतरली होती, कुणी न वापरताच.

तिने ब्लेड खाली ठेवलं. प्रयोगशाळेतलं चाचणीचं यंत्र बॅटरीला दम म्हणून खाऊ देत नाही. भरली की उतरव, उतरली की भर. त्यात बॅटरी हजारदा तगली, म्हणून सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. भरून नुसती ठेवली तर काय होतं, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"काय बिघडलं होतं गं?" समोर बसलेल्या आत्याने विचारलं.

"काहीच नाही. पडून राहिली म्हणून आपोआप उतरली."

"अगं, पण त्याने तर जिवापाड जपली! रोज संध्याकाळी हातात घ्यायचा. म्हणायचा, पोरीला हाक मारावी, घटकाभर बसेल जवळ. मग परत ठेवून द्यायचा. नको म्हणायचा, तिची वीज संपेल."

ती पिवळ्या पट्टीकडे बघत राहिली. अप्पांनी रोज घंटी वाजवली असती, तर बॅटरी उतरतेय हे तिला वेळेत कळलं असतं. आणि रोज संध्याकाळी ती खाली आली असती.