पाठांतराचा दिवा

"स्वतःबद्दल सांगा," कीर्तनकार बुवांनी लेकीला विचारलं. मृण्मयीने उत्तर सुरू केलं आणि टेबलावरचा दिवा लाल झाला. पाठ केलेलं बोललं की तो लाल होई. उद्याच्या मुलाखतीतही असाच दिवा असणार होता. मागची नोकरी त्याच्यापायीच हुकली होती.

"बाबा, तुम्ही तर जन्मभर तीच आख्यानं सांगताय. बोला बरं!"

बुवांनी सुदाम्याचे पोहे सुरू केले. दिवा हिरवाच राहिला.

"लबाड आहे मेला!"

"अगं, मी आधी समोरच्याचा चेहरा बघतो. मग पांडुरंग वदवून घेतो."

दुसऱ्या दिवशी थकल्या चेहऱ्याच्या साहेबांनी विचारलं, "स्वतःबद्दल सांगा." दिवा लाल झाला. साहेब ओशाळले. "सकाळपासून माझ्या प्रश्नांनाही हा असाच लागतोय."

ओठांवर आलेलं उत्तर मृण्मयीने गिळलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, जेवलात का?"

दिवा हिरवा झाला.

"नाही हो, राहूनच गेलं."

"आमच्याकडे कीर्तन संपल्यावर कुणी उपाशी गेलेलं आईला खपत नाही. मग पानं मीच वाढते..."

बोलता बोलता ती स्वतःबद्दलच सांगू लागली होती, आणि दिव्याकडे बघायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.