'हो'चा हुकूम

टीव्हीतल्या संमोहनवाल्याने घड्याळ डोलवत हुकूम सोडला, "आता तुम्ही प्रत्येक प्रश्नाला फक्त 'हो' म्हणाल!" आणि आमच्या सोफ्यावर बसलेल्या दादाची आणि बाबांची मान एकदमच खाली पडली.

मी अशी संधी सोडते की काय! "दादा, माझे इअरफोन तूच तोडलेस ना?"

"हो."

"तू गाढव आहेस?"

"हो."

मग मोर्चा थेट बाबांकडे. "बाबा, मी केस बारीक कापू?" वर्षभर 'नाही म्हणजे नाही' म्हणणारा माणूस चक्क "हो" म्हणाला! मी तर हवेतच!

तेवढ्यात आई हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. भांडण झाल्यापासून आठवडाभर तिने आणि बाबांनी एकमेकांशी अबोला धरला होता, सगळे टोमणे माझ्यामार्फत पोचत होते. तिने हा तमाशा पाहिला आणि बाबांवर पळी रोखली. "काय हो, माझ्याशी लग्न करून पस्तावलात?"

"हो."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. मी घाईघाईने म्हणाले, "अगं आई, मनावर काय घेतेस? त्यांना हुकूमच तसा आहे. काहीही विचार, ते 'हो'च म्हणणार!"

"काहीही?" आई बाबांच्या कानाशी वाकली. "अहो, जागे आहात का?"



बाबा डोळे आणखी घट्ट मिटून म्हणाले, "नाही."